बोचक्याची साखर

बुधवार, ४

जुनी वही काल भरली. नवीन सुरू करण्याआधी जुनीतली एक चूक दुरुस्त करते. शेवटच्या पानावर मी लिहिलं आहे की बाबांनी बोचक्याला बिस्किट दिलं, म्हणून संध्याकाळी साखर ३३१ आली. हे खरं नाही. बिस्किट माझ्या बशीतलं होतं. मी फोन घ्यायला उठले, बशी खुर्चीवर ठेवली आणि परत आले तेव्हा बिस्किट नव्हतं. बोचकं मिश्या पुसत बसलं होतं. मी बाबांना विचारलं, "तुम्ही दिलंत?" ते मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "दिलं असेल." घरात काहीही बिघडलं की बाबा आधी कबूल होऊन मोकळे होतात, म्हणजे विषय लवकर संपतो. मीही तो संपवला आणि वहीत त्यांच्या नावावर घातला. आज ऑफिसला जाताना रिकामी बशी आठवली आणि दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

नवीन वही आहे, तर सगळं पहिल्यापासून लिहिते. बोचकं म्हणजे आमचा नऊ वर्षांचा राखाडी बोका. पिल्लू असताना शिवायला आलेल्या कापडाच्या बोचक्यातून बाहेर पडला. गिऱ्हाईक म्हणालं, "हे माझं नाही." बाबा म्हणाले, "माझंही नाही." आई तोवर बशी घेऊन आली होती. बाबांचं शिवणकामाचं दुकान म्हणजे आमची पुढची खोली. आई काजं-बटणं आणि हातशिलाई करते. बोचकं कापडं कापायच्या टेबलावर झोपतं आणि गिऱ्हाइकांकडे अशा नजरेने बघतं की लोक पोट आत घेतात.

दोन महिन्यांपूर्वी ते इस्त्रीच्या वाडग्यातलं पाणी प्यायला लागलं. सारखं. मग मागच्या टाचा जमिनीला टेकून चालायला लागलं, टेबलावर उडी जमेना. जनावरांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "साखर." बाबांना वाटलं त्या चहाबद्दल विचारताहेत. ते म्हणाले, "एक चमचा."

आता दिवसातून दोनदा, साडेसहाला आणि साडेसहाला, कानाच्या कडेला बारीक सुई टोचायची, थेंब पट्टीला लावायचा, मीटरवर आकडा बघायचा, खायला द्यायचं आणि मानेमागच्या कातडीत दोन युनिट इन्सुलिन. हे सगळं मी करते. दुपारी औषधाचा जोर सर्वांत जास्त असतो, तेव्हा साखर फार खाली जात नाही ना हे बघायला एकदा मोजावं लागतं. तेव्हा मी ऑफिसात असते, म्हणून ते बाबा करतात. मला फोनवर आकडा सांगतात आणि गिऱ्हाइकाचं माप लिहावं तसं खडूने कापडाच्या चिंधीवर लिहून टाचणीला लावतात. घरी आले की मी तो साखरेच्या वहीत उतरवते. बाबा तिसरीपर्यंत शिकले, आई शाळेत गेलीच नाही, पण बाबांचे आकडे माझ्याहून स्वच्छ. माझे कायम २७३ नाहीतर २६७. त्यांचे १६५, १७०, १६०.

गुरुवार, ५

ऑफिसात फॉर्म आला. सहा आठवड्यांचं प्रशिक्षण, मुख्य कार्यालयात, राहणं तिथेच. ते पूर्ण केल्याशिवाय वजनमापं तपासणारी निरीक्षक होता येत नाही, कायम सहायकच राहायचं. फॉर्म पंचवीस तारखेपर्यंत द्यायचा. निघायचं तीस तारखेला.

साहेब म्हणाले, "तुम्ही जाणारच, गृहीत धरतो."

मी म्हणाले, "सर, घरी आजारपण आहे."

"अरे! कुणाला?"

खोटं बोलता येत नाही म्हणून मी म्हणाले, "मांजराला."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "पंचवीसपर्यंत वेळ आहे."

मी बोचक्यामुळे जाऊ शकत नाही. एवढंच कारण आहे. घरात सिरिंजवरच्या रेघा मलाच वाचता येतात. फॉर्म डब्याच्या पिशवीत घडी करून ठेवला आहे, घरी सांगितलेलं नाही.

शनिवार, ७

डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, साखर जास्त राहिली तर नुकसान महिन्यांत होतं, कमी झाली तर तासाभरात. मी ते मोठ्या अक्षरात लिहून, खाली 'साखर कमी झाली तर काय करावं' याची पाच कलमं घालून, माप घ्यायच्या आरशाशेजारी चिकटवलं आणि आईला एकदा वाचून दाखवलं. आई "बरं" म्हणाली आणि सुईत दोरा ओवत राहिली. ऐकलं की नाही कोण जाणे.

दुसऱ्या आठवड्यात एका रविवारी मलाच आकडा ६१ दिसला होता. मी बोचक्याला उशीच्या अभ्र्यात घालून अनवाणी दवाखान्यापर्यंत पळाले. अभ्र्यात आधीपासून चिकनचा तुकडा होता की मी घातला होता ते आठवत नाही, पण बोचकं वाटेत तो खात होतं. तिथे पोचलो तेव्हा ते छान होतं आणि डॉक्टरबाईंनी माझ्या पायाला पट्टी बांधली. त्याच आठवड्यात बाबांनी फोनवर ८४ सांगितलं, तेव्हा माझ्या हातून पाच किलोचं वजन सुटलं. साहेबांच्या बुटापासून चार बोटांवर पडलं. मी फोनवरच रडले. ८४ तसा वाईट नव्हता, हे नंतर कळलं. देवदयेने त्यानंतर दुपारचा आकडा कधीही दीडशेच्या खाली आलेला नाही.

आज आईने अचानक विचारलं, "तिकडे सकाळी गरम पाणी मिळतं का गं?"

मी म्हणाले, "दवाखान्यात? गीझर आहे. का?"

"काही नाही," आई म्हणाली. "असंच."

रविवार, ८

आज सुट्टी, म्हणून दुपारी मीच मोजलं. १२१. मला घाम फुटला. परत मोजलं, ११८. बाबा रोज १६५ च्या आसपास सांगतात. म्हणजे एकतर माझा हात चुकतो, नाहीतर आज काहीतरी वेगळं आहे.

बराच विचार केल्यावर लक्षात आलं, रविवारी शिवणयंत्र बंद असतं. यंत्राच्या आवाजाने बोचक्याला ताण येत असणार. ताणाने मांजरांची साखर वाढते, हे डॉक्टरबाईंनीच सांगितलं आहे. मी बाबांना हा निष्कर्ष सांगितला. ते म्हणाले, "असेल, असेल," आणि पाणी प्यायला आत गेले. नऊ वर्षं ते त्याच यंत्राच्या आवाजात झोपतं, हे मला खटकतं. पण दुसरं कारण सुचत नाही.

मंगळवार, १०

डॉक्टरबाईंकडे वही नेली. त्यांनी दोन्ही वेळचे आकडे बघितले, सकाळी २७० च्या आसपास, दुपारी १६५. मग रविवारच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हा एकच असा का?"

मी यंत्राचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "दुपारचं कोण मोजतं?"

"वडील. फार काटेकोर आहेत. पाव इंचही चुकत नाहीत."

"मग ठीक. अजून खाली यायला हवी. अर्धा युनिट वाढवू. उद्यापासून अडीच."

येताना खूप हलकं वाटलं. कुणीतरी आपल्या आकड्यांवर विश्वास ठेवून निर्णय घेतं, यात एक सुख आहे.

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "वाढवलं? का?"

"दुपारची साखर जास्त राहते ना."

बाबांनी कैची खाली ठेवली, परत उचलली. "अर्धा म्हणजे कितीसा!" ते म्हणाले. त्यांनी मलाच विचारलं की स्वतःला, कळलं नाही.

गुरुवार, १२

बाबा काहीतरी जाड काळ्या कापडाचं शिवताहेत. मी आत आले की त्यावर अस्तराचं कापड टाकतात.

"काय आहे ते?"

"गिऱ्हाइकाचं."

"कुणाचं?"

"आहे एक. फार चिकित्सक. मनासारखं झालं नाही तर उसवून मागेल."

जेवताना त्यांनी ही माझी वही मागितली. मी घाबरले. ते म्हणाले, "वाचायची नाहीये गं, लांबी-रुंदी हवी." टेप लावून माप घेतलं आणि परत दिली. वहीला कव्हर शिवणार असतील. मला उगाच वाईट वाटलं, मी त्यांच्या नावावर बिस्किट घातलं होतं.

शनिवार, १४

लिहायलाच हवं, बोचक्याने आज टेबलावर उडी मारली! दोन महिन्यांनी पहिल्यांदा. ते खुर्चीवर बसलं, मागचे पाय दोनदा हलवले, टेबलाकडे बघून एक आवाज काढला आणि उडालं. उतरलं ते थेट एका गिऱ्हाइकाच्या कापून ठेवलेल्या बाहीवर. बाबा टाळ्या वाजवायला लागले. आई आतून म्हणाली, "अहो, बाही!" बाबा म्हणाले, "राहू दे, त्या माणसाचा हात कुठे पळून जातोय."

सकाळचा आकडा १९८. पहिल्यांदा दोनशेच्या आत. मी तो लाल पेनाने लिहिला आणि मग लाल म्हणजे धोका वाटेल म्हणून खाली 'आनंदाने' असं लिहिलं.

सोमवार, १६

दुपारी बाबांचा फोन नेहमीपेक्षा तासभर उशिरा आला. "एकशे तीस. खातंय." मागून आई काहीतरी म्हणत होती आणि बाबा "अगं थांब" म्हणत होते. मी विचारलं, "सगळं ठीक?" ते म्हणाले, "गिऱ्हाईक आहे," आणि फोन ठेवला.

घरी आले तर मधाची बाटली टेबलावर, कैचीची मूठ चिकट आणि बोचक्याच्या मिश्या एकमेकींना चिकटलेल्या. बाबांच्या तर्जनीला चिंधी बांधलेली. मला राग आला.

"मध कुणी काढला? त्याने तोंड लावलं असतं म्हणजे?"

बाबा म्हणाले, "मला खोकला आहे." आणि खोकले. इतका वाईट खोकला मी कधी ऐकला नव्हता. मी पाणी गरम करून दिलं. ते मुकाट्याने तीन पेले प्याले. आई तोंडाला पदर लावून आत गेली.

"बोटाला काय झालं?"

"सुई."

तीस वर्षं सुई धरणाऱ्या माणसाला सुई लागते. त्यांना चष्म्याचा नंबर बदलायला हवा. हे आणखी एक कारण मी जाऊ नये याचं.

बुधवार, १८

चिकन दोन दिवस लवकर संपलं. आई म्हणते, "तुझ्या बाबांना दहाच्या सुमारास भूक लागते." बाबा चिकन खात नाहीत असं मला वाटत होतं. आपण घरातल्या माणसांना किती कमी ओळखतो!

साहेबांनी आज फॉर्मबद्दल विचारलं नाही. नुसतं कॅलेंडरकडे बघितलं. मी प्रशिक्षणाची जुनी पत्रिका चाळली. पहिल्या दिवशी प्रत्येकाने उभं राहून स्वतःची, घरच्यांची ओळख करून द्यायची असते. कोण काय करतं, कुठे शिकलं. जेवण सगळ्यांबरोबर, लांब टेबलावर. ते पान मी तीनदा वाचलं. मग बोचक्याची आठवण आली आणि पत्रिका बंद केली.

शनिवार, २१

आजचं सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर रागात चुका होतील.

सकाळी साहेबांबरोबर बाजारात तपासणीला गेले. एका धान्यवाल्याचा काटा गिऱ्हाइकाला किलोमागे तीस ग्रॅम जास्त देत होता. धान्यवाला म्हणाला, "साहेब, माझंच नुकसान होतंय, जाऊ द्या की." मलाही वाटलं, जाऊ द्यावं. साहेबांनी काटा बंद केला. म्हणाले, "जास्त देणारा काटाही खोटाच. त्याच्यावर विसंबून पुढे कुणीतरी काहीतरी ठरवत असतं." मला ते वाक्य आवडलं. घरी जाऊन वहीत लिहायचं ठरवलं होतं.

घरी आले तर मीटरवर बॅटरीची खूण आलेली. बॅटरी बदलली. वेळ लावताना चुकीचं बटण दाबलं गेलं आणि पडद्यावर जुने आकडे येऊ लागले, तारीख-वेळेसकट. मीटर सगळं लक्षात ठेवतो हे मला माहीत होतं. बाबांचे आकडे तपासायचं मात्र कधी मनातही आलं नव्हतं. वडिलांचे आकडे कोण तपासतं?

शुक्रवार दुपार, वहीत १३५, मीटरमध्ये ९७. गुरुवार, वहीत १४०, मीटरमध्ये १०१. मागे गेले. प्रत्येक दुपार चाळीसच्या आसपास जास्त. सोमवार सोळा, वहीत १३०. मीटरमध्ये त्या दुपारचे चार आकडे होते. १२.३५ ला ५४. १२.५० ला ६१. १.०५ ला ७९. १.४० ला ९२.

चोपन्न!

मी मीटर घेऊन पुढच्या खोलीत गेले. गिऱ्हाईक नव्हतं. बाबांनी मीटरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि यंत्र थांबवलं.

"दिलं असेल म्हणू नका," मी म्हणाले.

"नाही म्हणत." ते खडू हातात फिरवत राहिले. "माया सोडली."

शिवणीच्या आत जादा कापड ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. पुढे माणूस वाढला तर उसवून अंगरखा मोठा करता येतो. बाबा कुठलंही माप जसंच्या तसं लिहीत नाहीत. छत्तीसची छाती असली तर कापताना ते अडतीसच बघतात.

"साखरेला कोण माया सोडतं, बाबा?"

"तू साठ ऐकलंस तर पळत सुटतेस. शंभर ऐकलंस तर काम करतेस. मध्ये चाळीस. म्हणून चाळीस." मग हळू आवाजात, "आणि शेवटी शून्य नाहीतर पाच नसलं तर मापात बरं दिसत नाही."

"त्या चाळिसामुळे औषध वाढवलं! मी डॉक्टरबाईंना सांगितलं तुम्ही काटेकोर आहात! मी यंत्राच्या आवाजाला दोष दिला!"

"ते मला त्या दिवशी कळलं," बाबा म्हणाले. "पण तेव्हा सांगितलं असतं तर तू डब्याच्या पिशवीतला तो फॉर्म फाडला असतास."

आई दारात उभी होती, हातात कुणाचा तरी शर्ट. "सोमवारी काय केलं ते तरी विचार," ती म्हणाली.

"काय केलं?"

आईने आरशाशेजारच्या कागदाकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघून म्हणायला लागली, "एक, घाबरू नये. दोन, मध बोटावर घेऊन हिरड्यांना चोळावा, पातळ करून तोंडात ओतू नये. तीन, गिळू लागलं की लगेच खायला द्यावं. चार, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं, शंभरच्या जवळ येईपर्यंत." अक्षर न् अक्षर. मी तिला तो कागद एकदाच वाचून दाखवला होता. "मी सांगत होते, हे करत होते. चावलं त्यांना. बोट बघितलंस ना?"

"आणि पाच? डॉक्टरांना फोन?"

बाबा म्हणाले, "पाचपर्यंत येईस्तोवर ते खिडकीत जाऊन बसलं होतं."

"आणि दहाच्या सुमाराची भूक?"

"ती बोचक्याची," आई म्हणाली. "मलाच सुचलं. पोटात काही असलं की उतरणार नाही."

मी म्हणाले, "मेलं असतं ते." बोचकं टेबलावर होतं. त्याने एक डोळा उघडून बघितलं आणि मिटला.

"कलम एक तू कधी पाळणार?" आईने विचारलं. संध्याकाळी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आजपासून दीड युनिट, आणि मंगळवारी सगळ्यांनी या.

रविवार, २२

बाबांशी बोलले नाही. ते दोनदा विचारून गेले, चहा हवा का. चहा हवा होता. 'नको' म्हणाले.

बसून सगळे खरे आकडे साखरेच्या वहीत घातले. जुने खोडले नाहीत. ऑफिसात शिकवतात तसं एकेक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला सही. सतरा सह्या. हे करता करता एक गोष्ट दिसली. चाळीस वजा केले की आकडे आठवडाभर खाली येत चाललेत. मी ज्याला संकट समजत होते ते बोचकं बरं होण्याचं लक्षण होतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच रांगेत लपल्या होत्या.

आणखी एक. सोमवारी १२.३५ ते १.४० या वेळात मी घरी असते तर काय केलं असतं? प्रामाणिकपणे लिहायचं तर अभ्रा शोधला असता.

मंगळवार, २४

तिघं गेलो. चौघं. बाबांनी नवा सदरा घातला होता, शाळेत बोलावणं आल्यासारखा.

डॉक्टरबाईंनी वही बघितली, मग बाबांकडे. "काका, हा कोट नाही. सैल चालत नाही."

"हो."

"अजून एक आठवडा असं चाललं असतं तर?"

"हो," बाबा म्हणाले. त्यांची मान इतकी खाली गेली होती की माझाच जीव गलबलला.

"आणि आजी— सॉरी, काकू, ते दहा वाजताचं खाणं. मला न विचारता?"

"विचारायचं तर सांगावं लागलं असतं," आई म्हणाली.

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. मग त्यांनी सोमवारचं क्रमाने सांगायला लावलं. आईने कलमं सांगितली, बाबांनी बोट दाखवलं. "तेव्हा अंग लटपटत होतं त्याचं," बाबा म्हणाले. "मी धरून बसलो. धरून बसायची सवय आहे, रेशीम निसटतं तसंच ते." डॉक्टरबाईंनी बाबांचं बोट उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाल्या, "फोन पाचवा नाही, दोन आणि तीनच्या मध्ये. ते सोडलं तर मी हेच केलं असतं."

मग माझ्याकडे वळून, "आणि तू. हा मीटर स्वतःच पंधरा-वीसाने इकडेतिकडे असतो, माहीत आहे? १२१ आणि ११८ हे एकच आहेत. तुमच्या काट्यांना नसतो का चालण्यासारखा फरक?"

असतो. त्याचा तक्ता माझ्या टेबलावर काचेखाली आहे. मी रोज त्यावर कोपर टेकते.

कालपासूनची सकाळची साखर १७२, १६४. त्या म्हणाल्या, "असंच चाललं तर एक युनिट, मग कदाचित काहीच नाही. सगळ्यांचं होत नाही, काही मांजरांचं होतं. बघू." आणि सहज विचारल्यासारखं, "सहा आठवडे दोघांना जमेल ना?"

मी म्हणाले, "कुठले सहा आठवडे?"

आईने छताकडे बघितलं.

परत येताना मी बाबांना म्हणाले, "चहा हवाय." ते टपरीकडे जवळजवळ धावले.

बुधवार, २५

सकाळचं इंजेक्शन बाबांकडून करून घेतलं. सिरिंजवरच्या रेघा त्यांना वाचायला लागतच नाहीत, ते मोजतात. "दीड म्हणजे बाटलीच्या बाजूने तिसरी बारीक," असं म्हणाले. बरोबर होतं. त्यांनी कातडी चिमटीत धरली ती चुणी धरावी तशी, माझ्यापेक्षा हलकी. बोचक्याने खाणं थांबवलंसुद्धा नाही. मी टोचते तेव्हा ते एकदा वळून बघतं.

आता दुसरी चूक दुरुस्त करते, या वहीतली. पाच तारखेला मी लिहिलं, 'मी बोचक्यामुळे जाऊ शकत नाही. एवढंच कारण आहे.' ही नोंद चुकीची आहे. त्यावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि सही केली. खरं कारण अठरा तारखेच्या नोंदीत आहे, लांब टेबलाच्या आणि 'कुठे शिकलं' या शब्दांच्या जवळपास.

दुपारी पाऊणला साहेबांच्या टेबलावर फॉर्म ठेवला. साहेब म्हणाले, "मांजर कसं आहे?" मी उत्तर देणार तोच बाबांचा फोन आला.

"त्र्याऐंशी," बाबा म्हणाले. मग घाईने, "खरे. चिंधीवर लिहिलेत. आई साक्षीदार आहे. डॉक्टरबाईंनाही फोन केला, म्हणाल्या छान आहे. खातंय."

माझ्या हातात दोन किलोचं वजन होतं. मी ते टेबलावर ठेवलं. हळू. साहेबांनी पाय मागे घेतला होता, तो परत पुढे आणला.

घरी आल्यावर चिंधी बघितली. ८३. तीन जरा वाकडा आला आहे, शेवटी शून्य-पाचाशिवाय दुसरं लिहायची सवय नाही. मी ती चिंधी या पानाला टाचली.

गुरुवार, २६

चिकित्सक गिऱ्हाईक मीच. काळ्या कापडाची मोठी पिशवी, दोन पट्टे, पोटात नऊ खिसे. एक या वहीच्या मापाचा. "घट्ट बसली असती, दोन सूत म्हणजे पाव इंच जादा ठेवलं," बाबा म्हणाले आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले. मी म्हणाले, "इथे चालेल." आईने तळाच्या शिवणी उलट करून दाखवल्या. आत चांगलं बोटभर कापड आहे. "येताना सामान वाढलं तर उसवून मोठी करायची. आणि गरम पाण्याचं विचारून ठेव."

बाबा म्हणाले, "तिथे विचारलं वडील काय करतात, तर काय सांगशील?"

मी म्हणाले, "पाव इंच चुकत नाहीत म्हणून सांगीन. बाकी सांगणार नाही."

बोचकं इतक्यात पिशवीत जाऊन झोपलं आहे. काढायला गेले तर गुरगुरतं. रविवारपर्यंत राहू दे.

ठरलं ते लिहून ठेवते, म्हणजे फिरवता येणार नाही. सोमवार, ३० तारीख. बस सव्वासातची. त्या सकाळी साडेसहाला साखर आई बाबांकडून वाचून घेईल, त्यांच्या चष्म्यातून. सुई बाबांच्या हातात असेल. मी त्याच खोलीत असेन, पण पाठ करून उभी राहीन आणि पिशवीची चेन लावीन. चेन दोनदा तपासायची मुभा मी स्वतःला दिली आहे. वळून एकदाही बघायची नाही.